पॅनेलवरचा पिवळा दिवा

४ मे १९८८ च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. तिथल्या स्मोक डिटेक्टरांनी आपले काम चोख बजावले. रात्री १०.२५ च्या सुमारास सुरक्षा कक्षातल्या पॅनेलवर पहिला इशारा आला. तो रीसेट करण्यात आला. पुन्हा इशारा आला, पुन्हा रीसेट झाला. मग एकाच्या जागी अनेक डिटेक्टर बोलू लागले, तेव्हा वर नेमके काय झाले आहे ते पाहायला देखभाल विभागातल्या एका कर्मचाऱ्याला पाठवले गेले. तो सर्व्हिस लिफ्टने गेला आणि लिफ्टचे दार बाराव्या मजल्यावर थेट आगीत उघडले. त्या रात्री गेलेला तो एकमेव जीव. अग्निशमन दलाला पहिली खबर १०.३७ ला मिळाली, तीही बाहेरून ज्वाळा दिसल्यामुळे फोन करणाऱ्या लोकांकडून. पुढे बारा ते सोळा असे पाच मजले जळाले आणि आग आटोक्यात यायला मध्यरात्र उलटून दोन वाजून गेले.

इमारतीत तेव्हा स्प्रिंकलर बसवण्याचे काम चालू होते. बहुतेक पाइप जागेवर होते, पण झडपा बंद होत्या. म्हणजे त्या बारा मिनिटांत आगीविरुद्ध जागी असलेली एकच यंत्रणा होती, ती डिटेक्टरांची. तिने सांगितलेले कुणी खरे मानले नाही.

व्यापारी इमारतींमधल्या स्मोक डिटेक्टरांबद्दल जे काही शिकायचे, त्याची सुरुवात इथून करावी. डिटेक्टर विकत घेणे हा यातला सोपा भाग. तो वाजला की माणसे उठून चालायला लागतील, इतका त्याच्यावर विश्वास टिकवणे हे खरे काम आहे. हा विश्वास भाषणांनी येत नाही. डिटेक्टर कुठे बसवला, त्याच्या आत किती धूळ साचली, शेवटची चाचणी कशाने केली, अशा अगदी हाताने करायच्या गोष्टींवर तो ठरतो.

आधी ही गोल डबी धूर ओळखते कशी ते पाहू. आज कार्यालये, मॉल, हॉटेले, रुग्णालये यांच्या छतावर दिसणारे बहुतेक डिटेक्टर ऑप्टिकल म्हणजे प्रकाशावर चालणारे असतात. आत एक काळा, वळणावळणाचा कप्पा असतो. हवा आणि धूर त्यात शिरू शकतात, बाहेरचा उजेड शिरू शकत नाही. कप्प्यात एक इन्फ्रारेड एलईडी ठरावीक अंतराने लुकलुकते आणि एक प्रकाशसंवेदक तिच्याकडे सरळ न बघता कोनात बसवलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर संवेदकापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. धुराचे कण आले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि त्यातला थोडा संवेदकावर पडतो. कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ चमकते, तोच हा प्रकार. आणि यंत्राचा कमकुवतपणाही त्याच वाक्यात आहे. धूळ आणि धूर यांत त्याला फरक कळत नाही.

दुसरा प्रकार आयनायझेशनचा. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण करू पाहत होते. वायूने काही घडेना, पण त्यांनी सिगारेट पेटवली तेव्हा मीटरचा काटा हलला, अशी त्या शोधाची हकिगत सांगितली जाते. त्यांचे देशबंधू अर्न्स्ट मायली यांनी पुढे हे तंत्र वापरण्याजोगे केले. या डिटेक्टरात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा अतिसूक्ष्म अंश असतो. त्याच्यामुळे कप्प्यातली हवा आयनित होऊन तिच्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहतो. धुराचे कण त्या आयनांना चिकटले की प्रवाह घटतो आणि इशारा जातो. भडकून पेटणाऱ्या आगीचे बारीक कण हा प्रकार लवकर पकडतो. गादी, फोम, वायरीचे आवरण यांसारख्या धुमसणाऱ्या वस्तूंच्या जाड धुराला ऑप्टिकल सरस ठरतो. कार्यालयात किंवा रुग्णालयात आग बऱ्याचदा आधी धुमसतेच, म्हणून ऑप्टिकलने बाजी मारली.

जिथे रोजच धूर किंवा वाफ असते तिथे स्मोक डिटेक्टर लावणे म्हणजे खोट्या अलार्मला आमंत्रण. हॉटेलच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की तो वाजणारच. तिथे हीट डिटेक्टर लागतो. तो ठरावीक तापमान गाठल्यावर किंवा तापमान झपाट्याने चढू लागल्यावर इशारा देतो. गोदाम, मॉलचा उंच चौक, प्रदर्शनाचे सभागृह अशा ठिकाणी छत इतके उंच असते की धूर वर पोचेपर्यंत पसरून विरळ होतो. तिथे बीम डिटेक्टर वापरतात. या भिंतीवरून त्या भिंतीपर्यंत अदृश्य किरण सोडलेला असतो आणि मध्ये धूर आला की तो मंदावतो. डेटा सेंटरमध्ये मात्र ठिणगी पडण्याच्याही आधीची चाहूल हवी असते. म्हणून छिद्रे पाडलेल्या पाइपांतून सतत हवा ओढून तपासणारी यंत्रणा बसवतात.

आता बसवण्याकडे. भारतात यासाठी मार्गदर्शक आहेत आयएस २१८९ हे मानक आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग. बीएस ५८३९ या ब्रिटिश मानकातले आकडेही इथल्या सल्लागारांच्या तोंडी असतात. त्यातला एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सपाट छताखाली खोलीतला कोणताही बिंदू जवळच्या स्मोक डिटेक्टरपासून साडेसात मीटरच्या आत यावा. हीट डिटेक्टरसाठी हे अंतर ५.३ मीटर आहे, कारण उष्णता धुराइतकी लांब जात नाही. भिंतीपासून निदान अर्धा मीटर आणि एसीच्या हवा सोडणाऱ्या जाळीपासून निदान एक मीटर लांब राहायचे. या दोन सूचना नकाशावर पाळल्या जातात आणि प्रत्यक्ष जागेवर मोडल्या जातात. इंटिरियरवाला ऐनवेळी एसीची जाळी सरकवतो आणि डिटेक्टर तिच्या तोंडाशी येतो. मग एसीची स्वच्छ हवा दिवसभर त्याच्यावर वाहत राहते आणि खालून येणारा धूर बाजूला ढकलला जातो. असा डिटेक्टर पॅनेलवर निरोगी दिसतो, चाचणीच्या फवाऱ्यालाही प्रतिसाद देतो, आणि खऱ्या आगीत उशिरा जागा होतो.

छताला तुळया असतील तर हिशेब बदलतो. छताच्या उंचीच्या दहा टक्क्यांहून जास्त खोल उतरलेली तुळई ही भिंत समजायची, कारण धूर तिथे अडतो आणि त्याच कप्प्यात साठू लागतो. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरहून खोल असेल तर तिथेही डिटेक्टर हवा. बहुतेक वायरी, डक्ट, जुनी जोडणी, मागच्या भाडेकरूने सोडलेले तुकडे वरच असतात. वरचा डिटेक्टर खालून दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी सीलिंगवर एक छोटा लाल दिवा लावतात. कुलूपबंद खोलीतल्या डिटेक्टरचा असाच दिवा दारावर असतो. कामगार त्याला आरआय म्हणतात, म्हणजे रिस्पॉन्स इंडिकेटर. रात्री दोन वाजता सिक्युरिटी गार्डला वीस बंद दारांपैकी कुठले उघडायचे ते त्यावरूनच कळते.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागली, ती वेळही अशीच होती. ड्यूटीवरच्या परिचारिकेला धूर दिसला तोवर उशीर झाला होता आणि दहा बाळे गेली. त्या कक्षात स्मोक डिटेक्टर नव्हते, असे नंतर समोर आले. स्वतःहून हलू न शकणारी माणसे जिथे आहेत, तिथे प्रत्येक मिनिटाची किंमत वेगळीच असते. एका बाळाला नळ्या काढून, कपड्यात गुंडाळून बाहेर न्यायला किती हात आणि किती वेळ लागतो, हे ज्याने पाहिले आहे तो डिटेक्टरच्या खर्चावर घासाघीस करणार नाही.

वायरिंगचे दोन प्रकार आहेत. जुन्या कन्व्हेन्शनल पद्धतीत एका झोनमध्ये बरेच डिटेक्टर असतात आणि पॅनेल फक्त ‘झोन चार’ एवढेच सांगते. पुढे शोधाशोध करायची. झोनच्या टोकाला एक रोधक लावलेला असतो. वायर कुठे तुटली तर तो पॅनेलला दिसेनासा होतो आणि फॉल्ट येतो. ॲड्रेसेबल पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो आणि वायर पॅनेलपासून निघून लूप करून पॅनेलकडेच परतते. एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क राहतो. इथे पत्त्यासोबत टाकलेल्या नावाला फार महत्त्व आहे. ‘लूप १, डिव्हाइस ४७’ एवढेच पडद्यावर आले तर गार्ड गोंधळतो. ‘तिसरा मजला, सर्व्हर रूम, सीलिंगच्या वर’ असे आले तर तो धावतो. इमारत ताब्यात घेताना ही नावे एकेका डिटेक्टरशी पडताळून पाहण्याचा कंटाळा करू नये. भिंती हलतात, केबिनची मीटिंग रूम होते, आणि पॅनेलमध्ये जुनीच नावे राहतात.

नव्या डिटेक्टरवर कारखान्यातूनच एक रंगीत प्लास्टिकची टोपी येते, डस्ट कॅप. छताचे पीओपी, पॉलिश, ग्राइंडिंग चालू असताना आत भुकटी जाऊ नये म्हणून ती असते. काम संपले की ती काढायची. ती राहून गेली तर डिटेक्टर वायरने जोडलेला, पॅनेलवर हिरवा आणि पूर्णपणे आंधळा असतो. नव्या कार्यालयाच्या छताकडे मान वर करून पाहिले तर केशरी नाहीतर पिवळी टोपी घातलेले दोनतीन डिटेक्टर हमखास सापडतात. नूतनीकरणात तर टोप्याही मिळत नाहीत. मग कुणी कॅरीबॅग बांधतो, कुणी हातमोजा चढवतो, आणि रंगारी टोपीवरूनच ब्रश फिरवून ती छताच्या रंगात मिसळून टाकतो. उपाय साधा आहे. किती झाकले ते मोजून लिहायचे आणि तितकेच उघडले का ते मोजायचे.

चाचणी हा या सगळ्यातला सर्वांत हलक्यात घेतला जाणारा भाग. काही ठिकाणी अगरबत्ती किंवा सिगारेट डिटेक्टरखाली धरतात. त्याने तो वाजतो खरा, पण चिकट काजळी आत बसते आणि पुढच्या महिन्यात तो विनाकारण वाजू लागतो. काही मॉडेलांना चुंबक लावला की अलार्म येतो. त्यातून इलेक्ट्रॉनिक्स आणि वायर ठीक असल्याचे कळते, धूर आत शिरतो की नाही ते कळत नाही. टोपी घातलेला डिटेक्टरसुद्धा चुंबकाच्या परीक्षेत पास होईल. म्हणून चाचणीसाठी बनवलेल्या फवाऱ्याचा डबा वापरावा. लांब दांड्याच्या टोकाला पारदर्शक कप असतो, त्यात हा डबा बसवतात. टेक्निशियन खाली उभा राहून कप डिटेक्टरभोवती टेकवतो, थोडासा फवारा सोडतो आणि थांबतो. काही सेकंदांत डिटेक्टरचा लाल दिवा स्थिर होतो. पॅनेलपाशी उभा असलेला त्याचा जोडीदार वॉकीटॉकीवर पत्ता वाचतो आणि दोघे तो यादीशी ताडतात. दोन माणसे, एक यादी, एक दांडा. या कामाला दुसरा शॉर्टकट नाही. हीट डिटेक्टरसाठी गरम हवेचे साधन असते. त्याला आगपेटी किंवा लायटर दाखवणे हा मूर्खपणा आहे.

वर्षभरात प्रत्येक डिटेक्टरची एकदा तरी प्रत्यक्ष धुराने चाचणी व्हावी, हा जगभर मान्य असलेला किमान पाया. मोठ्या इमारतीत तिमाहीला चौथा हिस्सा घेतला तर ते सहज जमते. आठवड्यातून एकदा एक मॅन्युअल कॉल पॉइंट, म्हणजे भिंतीवरची ती लाल डबी, दाबून पाहावी. दर आठवड्याला वेगळी दाबली की लोकांना हूटरचा आवाजही ओळखीचा होतो. तो आवाज पुरेसा आहे का, हेही तेव्हाच कळते. ब्रिटिश मानकाप्रमाणे साधारण जागेत ६५ डेसिबल आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल लागतात. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये कान फाटणारा हूटर बंद दारामागच्या खोलीत कुजबुजीइतकाच उरू शकतो.

चाचणीचा दुसरा भाग म्हणजे डिटेक्टर वाजल्यावर बाकी यंत्रणा काय करते ते पाहणे. एसीचे पंखे बंद व्हायला हवेत, नाहीतर तेच धूर मजल्यामजल्यांवर पोचवतील. लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबली पाहिजे. कार्ड दाखवून उघडणारी दारे आपोआप मोकळी झाली पाहिजेत. हे सगळे रविवारी, सूचना देऊन, प्रत्यक्ष करून पाहायचे असते. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, अहवालात ‘इंटरलॉक ओके’ असे लिहिलेले असते तेव्हा व्यवस्थापकाने एकच विचारावे: कुठली लिफ्ट, किती वाजता खाली आली?

आता खोट्या अलार्मकडे, कारण लॉस एंजेलिसचे दुखणे तेच होते. न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात १९ जानेवारी २००० च्या पहाटे आग लागली तेव्हा अलार्म वाजत असूनही कित्येक मुले अंथरुणातच राहिली. आधीच्या महिन्यांत तो इतक्यांदा उगाच वाजला होता. तीन विद्यार्थी दगावले. म्हणून खोटा अलार्म हा नुसता त्रास नव्हे. प्रत्येक खोटा अलार्म पुढच्या खऱ्या अलार्मची किंमत कमी करतो. त्यामुळे तो सायलेन्स करून विसरायचा नाही, त्याचे कारण शोधून लॉगबुकात लिहायचे.

कारणे ठरलेली असतात आणि आपल्याकडची काही खास आपली आहेत. पावसाळ्यात एसी बंद-चालू झाला की दमट हवा कप्प्यात दवासारखी बसते. डासांसाठी फॉगिंगची गाडी इमारतीखालून गेली की पहिला मजला वाजतो. कार्यालयात गणपती बसतो, धूप-कापूर होतो, कुठे सत्यनारायणाला होम पेटतो. पूजा बंद करायची गरज नाही. तेवढ्या भागातले डिटेक्टर ठरावीक वेळेसाठी डिसेबल करायचे, तिथे एक माणूस उभा करायचा आणि वेळ संपली की ते पुन्हा चालू करायचे. अडचण त्या शेवटच्या पायरीची असते.

उरते कारण धुळीचे. वर्षानुवर्षे न उघडलेला डिटेक्टर खोलला की आतल्या बारीक जाळीवर करडी साय दिसते, कोपऱ्यात कोळ्याचे जाळे, कधी पंख गळालेले एखादे पाखरू. जाळी अर्धी बुजली असेल तर धूर उशिरा शिरतो. धूळ कप्प्यात गेली असेल तर ती धुरासारखी मोजली जाते. आधी व्हॅक्यूमने बाहेरची आणि जाळीतली धूळ ओढायची, मग निर्मात्याने सांगितले असेल त्या पद्धतीने कप्पा साफ करायचा किंवा बदलायचा. ओले फडके आणि कोलिन त्यापासून दूर. ॲड्रेसेबल पॅनेल प्रत्येक डिटेक्टरचे मळकेपण आकड्यात दाखवते. डिटेक्टर स्वतःही काही प्रमाणात त्या मळाशी जुळवून घेतो. त्याची मर्यादा संपत आली की पॅनेलवर देखभालीची सूचना येते, आणि पिवळा दिवा लागतो.

हा पिवळा दिवा नीट समजून घ्यावा. लाल म्हणजे आग आणि पिवळा म्हणजे बिघाड: कुठे वायर तुटली, डिटेक्टर बेसमधून निघाला, काही भाग डिसेबल राहिला, बॅटरी बसली. तो लागला की बझर चिवचिवतो, कुणीतरी तो गप्प करतो, आणि मग तो दिवा महिनोन्महिने पेटलेलाच राहतो. पन्नास जुने फॉल्ट पडदा झाकोळून बसले असतील तर एकावन्नावा कुणाला दिसत नाही. बॅटरीचे तेच. पॅनेलमध्ये बारा व्होल्टच्या दोन सीलबंद बॅटऱ्या असतात आणि त्या काही वर्षांत म्हाताऱ्या होतात. वीज असताना सगळे सुरळीत दिसते. आगीत वीज आधी जाते. म्हणून मुख्य पुरवठा बंद करून, हूटर वाजवून पाहणे हीच बॅटरीची खरी परीक्षा.

महाराष्ट्रात याला कायद्याचे बळ आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वहिवाटदाराची आहे. परवानाधारक एजन्सीकडून वर्षात दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘फॉर्म बी’ घेऊन अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. व्यवस्था चांगली आहे, पण ती सहीपुरती उरली तर कागद पूर्ण आणि छत आंधळे अशी अवस्था येते. फॉर्म हाती घेताना सोबत चाचणीची पत्त्यानिशी यादी मागावी. किती डिटेक्टर, कुठल्या तारखेला, धुराने की चुंबकाने तपासले, किती नापास झाले. जिथे शेकड्यांनी डिटेक्टर आहेत आणि एकही नापास नाही, तिथे तपासणीच झाली नसण्याची शक्यता जास्त.

शेवटी बदलण्याचा प्रश्न. बहुतेक निर्माते डिटेक्टरचे आयुष्य दहा वर्षांच्या आसपास धरतात, दमट किंवा धुळीच्या जागी त्याहून कमी. ॲड्रेसेबल यंत्रणेत एका कंपनीचा डिटेक्टर दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलशी बोलत नाही, म्हणून पॅनेल बदलायचे ठरले की डिटेक्टरांचा खर्चही त्याच बैठकीत मांडावा लागतो. जुन्या इमारतीत आयनायझेशनचे डिटेक्टर निघाले तर ते भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. अमेरिसियमचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे आहे आणि भारतात या डिटेक्टरांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. ते न फोडता, मोजून, मागच्या लेबलवरचे क्रमांक नोंदवून पुरवठादाराकडे परत करायचे आणि त्याची पोच लॉगबुकाला जोडायची.